चालते पाते

खिशात किल्ल्या, रुमाल आणि चष्म्याचे घर बाळगणाऱ्या गृहस्थाला त्याचे कारण कोणी विचारीत नाही. चाकू बाळगणाऱ्याला मात्र हटकून विचारतात. माझ्या उजव्या खिशात गेली पन्नास वर्षे एक मिटता चाकू असतो. चाकू बदलत गेले, खिसे बदलत गेले. परंतु खिशाच्या तळाशी जाणवणारे ते चार-पाच तोळ्यांचे ओझे काही बदलले नाही. ‘हा कशाला?’ या प्रश्नाला मी त्या त्या वयाला शोभतील अशी उत्तरे देत आलो. विद्यार्थी होतो तेव्हा पेन्सिलीसाठी, नोकरीत होतो तेव्हा टपाल फोडण्यासाठी, आणि आता, दात कुरकुरू लागल्यावर, पेरू कापण्यासाठी. यांतले एकही उत्तर खोटे नाही. पण एकही पुरते नाही. ते पुरते करता आले तर पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पेडणे महालात हा प्रश्न एके काळी उलटा होता. घराबाहेर पडलेल्या कष्टकऱ्याच्या कमरेला कोयती दिसली नाही, तर वाटेत भेटणारा विचारी, “आज कोयती खंय रे?” जणू त्याचा एक हातच घरी राहिला आहे. कमरेच्या दोरीला मागच्या अंगाला आकडी, आणि त्या आकडीत कोयती. माणूस चालू लागला की ती पाठीशी लयीत हाले, आणि अंधाऱ्या पाणंदीतून तिचा टकटक आवाज आधी येई, माणूस मागून येई. वाटेवर आलेली करवंदीची जाळी, गुरांसाठी टाळ, कुंपणाची काठी, तहान लागली तर शहाळे, आणि प्रसंग पडला तर पायरीशी आलेले जनावर, ही सगळी कामे त्या एका पात्याची. कोयती घेऊन निघालेला माणूस कोणाला मारायला निघाला आहे, अशी शंका तेव्हा कोणाच्या मनाला शिवत नसे. अलीकडे पुण्याकडच्या वर्तमानपत्रांनी ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ केला आहे. तो वाचला की मला त्या पाणंदीतल्या आवाजाबद्दल उगीचच ओशाळल्यासारखे होते.

शब्दांचीही गंमत पाहण्यासारखी आहे. ‘कोयता’ आमच्याकडे कानडीतून आला. ‘कोय्’ म्हणजे कापणे, पीक काढणे. ‘अडकित्ता’ हाही कानडीच. ‘अडके’ म्हणजे सुपारी, आणि ती कातरणारा तो अडकित्ता. मौज अशी की, पोर्तुगीजांनी सुपारीला ‘अरेका’ म्हटले तेही मलयाळीतील ‘अडक्क’ ऐकून. म्हणजे डिचोलीच्या कुळागरातला बागाईतदार ज्या हत्याराने सुपारी फोडी त्याच्या नावात, आणि पणजीच्या कचेरीतला पोर्तुगीज अंमलदार त्याच सुपारीवर कर बसवताना जो शब्द लिही त्यात, मुळाशी एकच दक्षिणी शब्द दडून बसला होता. ‘सुरी’ संस्कृतातून आली, ‘चाकू’ घाटावरून फारसी-तुर्कीच्या ओघात आला, आणि मिटत्या लहान चाकूला पोर्तुगीजांचा शब्द ‘कानिव्हेत’. एवढ्याशा प्रदेशात पात्याला इतक्या भाषांनी नावे दिली, कारण इतक्या तऱ्हेचे हात ते वापरीत होते.

त्यांतला सर्वांत कुशल हात, माझ्या मते, रेंदेराचा. माडाच्या पोयीचे टोक तो दिवसातून तीनदा तासतो. तेही इतके पातळ, की पोय दुखावू नये आणि सूर मात्र झरत राहावी. त्यासाठी त्याची ती रुंद, बाकदार काती. सुतार रंध्याला जपतो त्याहून अधिक तो तिला जपे. दिवसभर माडावर चढउतार करणाऱ्या या माणसाला दोन हात चढण्यासाठीच लागत. त्यामुळे काती कमरेलाच हवी. पाडेलीचेही तसेच. पाते अंगावर बाळगणे ही या लोकांच्या दृष्टीने हौस नव्हती, शौर्य नव्हते. दोनांपेक्षा अधिक हातांची ती गरज होती.

येथे एक गोष्ट लक्षात येते. आमच्या घरांतले बाईचे पाते बसलेले असते. विळी म्हणा वा आदोळी म्हणा, तिच्यावर बाई बसते, पाते जागचे हालत नाही, आणि नारळ, भाजी, मासळी त्याच्याकडे चालत येते. पुरुषाचे पाते चालते, आणि कामाकडे जाते. सरसकट नियम म्हणून हे खरे नव्हे. कारण मासळी विकणारी बाई आपली सुरी टोपलीत घालून गावोगाव फिरते, आणि तिच्या सुरीला जी धार असते ती मी कोणा पुरुषाच्या खिशात पाहिली नाही. तरीही चालते पाते आणि बसते पाते हा भेद मला उपयोगी वाटतो. कारण गेल्या साठ वर्षांत आमच्याकडून नाहीसे झाले ते चालते पाते. बसते अजून घरोघर आहे.

खिशातल्या चाकूची वंशावळ मात्र कोयतीहून निराळी. तो लेखणीच्या घराण्यातला. बोरूचे टोक तिरपे छाटल्याखेरीज बालबोध अक्षराला जाडबारीक वळण येत नाही, आणि ते रोज, कधी दिवसातून दोनदा, छाटावे लागे. दफ्तरखान्यात त्या चाकूला ‘कलमतराश’ म्हणत. इंग्रजीत मिटत्या चाकूचे जे नाव पडले तेही लेखणीवरूनच. माझ्या आजोबांचा असा एक चाकू माझ्याकडे आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या मुळाशी एक तारा आणि एक माल्टी क्रूस. ही खूण त्या घराण्याला १७६४ साली मिळाली आणि तिने अर्ध्या जगात विश्वास कमावला. आजोबा शेतसाऱ्याचे कागद लिहीत, मुलांना पंतोजीपणाने कित्ते घालून देत, आणि उरलेल्या वेळात दारच्या पोफळींवर लक्ष ठेवीत. त्या चाकूचे पाते घासून घासून बोरूसारखेच बारीक झाले आहे. मूळच्या पात्याचा निम्मा भाग तरी आजोबांच्या अक्षरांत गेला असावा.

वडिलांचा चाकू जर्मन, झोलिंगेनचा. तो आमच्या घरी कसा आला यात गोव्याच्या इतिहासाचे एक पान आहे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून येणारा माल थांबला, आणि त्याच्या जागी बोटींतून युरोपातला माल आला. ज्या म्हापशात साधा बटाटा दुर्मिळ झाला, तिथे परदेशी घड्याळे, वस्तरे आणि चाकू दुकानांतून मांडलेले असत. शेतकऱ्याच्या पोराच्या खिशात झोलिंगेनचे पोलाद असावे, हा त्या काळाचा चमत्कार होता. आणि त्या पोलादाने कापायला घरात फारसे काही नसावे, हा त्याच काळाचा दुसरा चमत्कार. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही दिवस घाटावरून येणारे पाहुणे तो शिल्लक माल मोठ्या हौसेने विकत घेऊन गेले. वडिलांनी मात्र आपला चाकू कोणाला दिला नाही.

हे दोन वारशाने आले. बाकीचे मी जमवले. आज माझ्या पेटीत एकतीस चाकू, नऊ अडकित्ते आणि मुठीवाचून राहिलेली चार पाती आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडाचा ढीग घेऊन बसणाऱ्यांपाशी, डिचोलीच्या बाजारातल्या एका भांडीवाल्याच्या मागच्या खोलीत, जत्रांच्या फेऱ्यांत, आणि घर मोडून मुंबईला निघालेल्या लोकांच्या अडगळीत मी ते शोधले. एका नातलगाने पोर्तुगालच्या ईशान्य टोकाच्या पालासोउलू गावातून लाकडी मुठीचा एक आणला. त्या गावात पिंपे आणि चाकू हे दोनच धंदे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. जपानचाही एक आहे, ‘हिगोनोकामी’. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबायची एक शेपटी. मिकी नावाच्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा घडू लागला आणि जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिलीसाठी जाऊन बसला. १९६० नंतर तिथे ‘मुलांच्या हाती चाकू नको’ अशी चळवळ झाली आणि घडवणारी घरे एकामागून एक बंद पडली. म्हणजे चालते पाते केवळ आमच्याकडेच थांबले असे नाही.

संग्राहक आणि बाळगणारा यांत एक जुने वैर आहे, आणि ती दोन्ही माणसे माझ्यात एकत्र नांदत असल्यामुळे ते मला चांगले ठाऊक आहे. संग्राहकाला पात्यावरचा ओरखडा सलतो. बाळगणाऱ्याला न वापरलेल्या पात्याची लाज वाटते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी हयातभर हिंडून अडकित्ते, दिवे, दाराच्या चौकटी, फण्या अशा वस्तू जमवल्या, दिवंगत मुलाच्या नावाने त्यांचे संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. तिथले अडकित्ते पाहावेत. घोडे, पोपट, एकमेकांना बिलगलेली स्त्रीपुरुषे. जाता येता सुपारी कातरणाऱ्या समाजाने त्या एका क्षुल्लक कृतीभोवती किती कल्पकता खर्च केली होती! आमच्या गोव्यातही बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ साली ‘गोवा चित्र’ उघडले. शेतकऱ्या-कारागिरांची हजारो हत्यारे त्यांनी मोडीत जाण्यापासून वाचवली. या माणसांविषयी मला आदर आहे. त्यांनी राखले नसते तर काय गेले तेही आपल्याला कळले नसते. तरीपण काचेपलीकडच्या अडकित्त्यासमोर मी उभा राहतो तेव्हा माझा अंगठा आपोआप हालतो, आणि त्या हालण्याला तिथे जागा नसते.

म्हणून मी स्वतःपुरता एक तह केला आहे. पेटीतला प्रत्येक चाकू वर्षातून काही दिवस खिशात जातो. पाळीपाळीने. एकालाही कायमची विश्रांती नाही. आजोबांचा रॉजर्सही, आता त्याच्याने देठाखेरीज काही कापवत नसले तरी, चैत्रात आठवडाभर बाहेर पडतो. पावसाळ्यात मात्र जुन्या पोलादाची फार देखभाल करावी लागते. आमच्या हवेत ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत भिंतींना घाम फुटतो. तिथे पात्याची काय कथा! रात्री पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून ठेवले नाही तर सकाळी तांबूस ठिपके उमटलेले दिसतात. फणस कापायचा तर आधी पात्याला खोबरेल. नाहीतर चीक आणि चाकू यांचे जे लग्न लागते ते सहजी मोडत नाही. गंज न धरणाऱ्या पोलादाचे चाकू आता कोठेही मिळतात, हे मला माहीत आहे. त्यांना सांभाळावे लागत नाही. आणि मला वाटते, म्हणूनच ते हरवतात.

धार लावण्याची विद्या मला डिचोली महालातल्या एका लोहाराने दिली. त्याच्या भट्टीशी मी वीस वर्षे जाऊन बसलो आहे. जुन्या पद्धतीत पाते साध्या लोखंडाचे असे आणि धारेपुरते पोलाद मध्ये भरून, एकजीव होईपर्यंत ठोकत. या लोहाराच्या काळी ते पोलाद येई मोडीत निघालेल्या मालमोटारींच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून. पाटा तोडायचा, लाल करायचा, ऐरणीवर घ्यायचा, आकार आला की पाणी पाजायचे. आणि मग पुन्हा हलके तापवून त्यावर चढणारा रंग पाहत बसायचे. वाळल्या गवताचा पिवळा रंग आला की झटकन पाण्यात. त्यापुढे तांबूस, मग निळा. “निळो जालो काय गेलो,” तो म्हणे. धार टिकायची नाही. त्या दोन रंगांमधला वेळ एखाद्या श्वासाएवढा असतो. आणि त्या श्वासभर तो म्हातारा, एरवी अखंड बोलणारा, गप्प बसे.

या भट्टीसमोरून रस्ता जातो. डिचोलीच्या डोंगरांतले लोहखनिज त्याच रस्त्याने, माल लादलेल्या मोटारींच्या न संपणाऱ्या रांगेतून, नदीकाठच्या धक्क्यांवर जाई. तिथून पडावांतून मांडवीमार्गे मुरगाव बंदराला आणि पुढे मुख्यत्वे जपानला. १९५० नंतरच्या दशकांत हा ओघ वाढतच गेला. डोंगर जात होते, आणि त्यांच्या पोटातल्या लोखंडाचा एक कणही या लोहाराच्या ऐरणीवर येत नव्हता. येत होते ते वाहून नेणाऱ्या मोटारींचे मोडके पाटे. पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरवली. त्या काळात दारोदार उभ्या राहिलेल्या मालमोटारी मोडीत निघू लागल्या आणि लोहाराला हवे तेवढे पोलाद मातीमोलाने मिळू लागले. फक्त गिऱ्हाईक नव्हते. लिलाव होऊन काही खाणी आता पुन्हा सुरू झाल्या आहेत. भट्टी मात्र थंडच आहे. म्हातारा गेला, आणि त्याच्या मुलाने त्या जागेत मोटारींची पंक्चरे काढण्याचे दुकान घातले. ते उत्तम चालते.

त्या लोहाराचे एक वाक्य माझ्या संग्राहकपणाला नेहमी टोचते. मी एकदा त्याला मुठीवर नक्षी करशील का म्हणून विचारले होते. तो म्हणाला, “धार सोदता तो गिरायक, सोबाय सोदता तो पावणो.” धार मागतो तो गिऱ्हाईक, शोभा मागतो तो पाहुणा. नक्षी त्याने केली नाही. त्याने केलेला तो साधा, फणसाच्या लाकडाच्या मुठीचा चाकू वर्षातले दोनशे दिवस माझ्या खिशात असतो.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येतो. इतकी वर्षे चाकू बाळगल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आहे : तो उघडला जातो तो बहुधा माझ्यासाठी नव्हे. कदंबच्या बसमध्ये पोत्याच्या सुतळीची गाठ सुटेना म्हणून हवालदिल झालेली बाई. केरीच्या फेरीबोटीवर पायात नायलॉनची तार गुंतलेला कुत्रा आणि त्याचा रडवेला छोटा मालक. शाळेच्या समारंभात उद्घाटनाची फीत आहे, पाहुणे आहेत, कात्री नाही. मांडवाचा सुंभ, औषधाच्या बाटलीचे बूच, लहान मुलाच्या बोटात रुतलेले कूस. कोणीतरी चारी बाजूंना पाहून म्हणते, “चाकू आसा कोणाकडेन?” आणि मी म्हणतो, “आसा.” मी चाकू बाळगतो तो या एका शब्दासाठी. पूर्वी कोणाला मागावे लागत नसे, कारण प्रत्येकाकडे होता. म्हणून माझ्या वडिलांच्या चाकूला अशी मागणी मी कधी पाहिली नाही. पाती कमी होत गेली तसे मागणारे वाढले, आणि माझी किंमत काही काळ फुकटच वधारली. आता मागणारेही ओसरू लागले आहेत. सगळ्या वस्तू ‘येथे फाडा’ असे छापलेल्या पिशव्यांतून येतात, आणि जे फाटत नाही ते लोक दातांनी फाडतात.

देण्याचीही रीत असते. चाकू हातातून हातात देऊ नये, भांडण होते, असे आमच्या घरी मानीत. आधी तो खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. युरोपातही भेट दिलेल्या चाकूच्या बदल्यात एखादे नाणे घेतात, म्हणजे स्नेह कापला जात नाही म्हणे. श्रद्धा असो वा नसो, खाली ठेवून देण्याची ही रीत मी पाळतो. कारण त्या क्षणभरात घेणारा माणूस पात्याकडे नीट पाहतो. ज्या लोकांनी बाळंतिणीच्या उशाशी कोयती ठेवली, हळद लागलेल्या नवऱ्याच्या हाती कट्यार, आणि ती नसेल तर सुरी वा अडकित्ता दिला, आणि दसऱ्याला हत्यारांपुढे झेंडूची फुले वाहिली, त्यांना पाते म्हणजे भय घालवणारी वस्तू वाटत होती. आज तीच वस्तू भय घालणारी झाली आहे. याचे पुष्कळसे श्रेय मी हिंदी चित्रपटातल्या रामपुरीला देतो. खटका दाबताच सळ्ळकन उघडणारे पाते पाहिलेल्या दोन पिढ्यांना मिटता चाकू म्हटले की खलनायकच आठवतो. कायदा त्या मानाने समंजस आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम शस्त्र म्हणून मोजतात ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, आणि त्यातूनही घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती वगळतात. माझे सर्वांत मोठे पाते साडेतीन इंच. पण कचेरीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला नियमांची उजळणी करायला सांगावी कशी? त्याचेही बरोबरच असते. मी चाकू त्याच्या टेबलावर ठेवतो, येताना घेतो. तो एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि एकदा चाकूकडे पाहतो.

काही वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका कुळागरी गावात मी एका वृद्ध स्नेह्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. गृहस्थाने पन्नास वर्षे पोफळी-माडांत काढलेली. कमरेला कोयती असल्यावाचून मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ओढ्याकाठी चिता रचली. अग्नी देण्यापूर्वी मृताच्या कमरेचा करगोटा तोडायचा असतो. चाळीसएक पुरुष जमले होते. मुलगे, पुतणे, नातू, शेजारी. पाते कोणाजवळ नव्हते. एकाने किल्लीने घासून पाहिले. एका तरुणाने सिगारेट पेटवण्याचे यंत्र पुढे केले, पण भटजींनी मान हालवली. घरी भिंतीवर त्यांची कोयती होती. ती आणायला कोणी पळावे का, याची कुजबुज सुरू झाली. मी चाकू काढून दगडावर ठेवला. थोरल्याने तो उचलला. त्याला उघडता येईना. पात्यावर नख लावायची खाच असते हे त्याला माहीत नव्हते. मी ती दाखवली. धागा एका झटक्यात तुटला.

नंतर कोणीतरी सुचवले की, ते पाते आता ओढ्याला द्यावे, घरी नेऊ नये. मी ओढ्यात ते धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि खिशात ठेवले. ज्या माणसाने एकाच कोयतीने साप मारला आणि त्याच कोयतीने पाहुण्याला शहाळे सोलून दिले, त्याच्या निमित्ताने पात्याला विटाळ मानणे मला पटेना. चाकू तोच होता, फणसाच्या मुठीचा. थोरल्या मुलाने बाराव्यानंतर मला निरोप पाठवून विचारले की, बाबांची कोयती संग्रहासाठी हवी आहे काय. मी कळवले की, नको, तुमच्याच दाराशी आकडीला असू द्या. ती तिथे आहे की नाही हे पाहायला मी अद्याप गेलेलो नाही.

माझ्या पेटीचे पुढे काय, हा प्रश्न घरातही निघतो. मुलाला तिच्यात ऐवज दिसतो, सुनेला धोका. धाकटी नात मात्र परवा पेटीपाशी येऊन बसली आणि एकेक चाकू उघडून पाहू लागली. तिला नक्षीचे नको होते. ‘यातला कापतो कुठला?’ असे तिने विचारले. मी तिला जपानी हिगोनोकामी दिला. आता तिच्या पेन्सिलींना वाजवीपेक्षा लांब टोके असतात, आणि शाळेत तो न्यायचा नाही हे तिने न सांगताच ओळखले आहे.

सध्या मला चाकूपासून दूर व्हावे लागते ते फक्त विमानाने जाताना. मोपाच्या पठारावर नवा विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडू लागली. हे पठार म्हणजे आमच्या पेडण्यातला काजूचा आणि चराऊ रानाचा मुलूख. तिथे धनगरांची वस्ती होती, ती हालवावी लागली. ज्या पठारावर पात्यावाचून माणूस फिरत नसे तिथेच आता पाते घेऊन आत जाता येत नाही. तक्रार नाही, विमानात चाकू नसावा हे मलाही मान्य आहे. सामानात घालून तो धाडता येतो, हेही खरे. पण पुण्याला मुलीकडे जाताना माझ्याकडे एकच पिशवी असते, तीही हातातली. म्हणून मी दुसरी सोय केली आहे. पठारावर चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक बाई चहा आणि लिंबू-सोडा विकते. जाताना मी चाकू तिच्या फळीवर ठेवतो, येताना उचलतो. पहिल्या खेपेस परतलो तेव्हा पाते लिंबाने काळवंडलेले होते, टोकाशी एक बारीक खाच पडली होती, आणि मुठीला साखरेचा चिकटा. तिने तो आठ दिवस वापरला होता, आणि हे लपवण्याची तिला गरज वाटली नव्हती. मी घरी निसण्यावर खाच काढली. गेल्या महिन्यात परत आलो तेव्हा तिने तो फडक्याला पुसून फळीवर ठेवला, मी उचलला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे लिंबू हातात घेऊन, आपल्या बोथट सुरीकडे पाहत ती म्हणाली, “मास्तर, आनी केन्ना वतले?”